भूगोलाचे जुने पत्ते : ओळख, खरेदी आणि जपणूक

भूगोल शिकवणारे पत्ते युरोपात सव्वाचारशेहून अधिक वर्षांपासून छापले जात आहेत. 1590 साली इंग्लंडमध्ये निघालेल्या एका कॅटमध्ये दर पानावर एकेका काउंटीचा छोटा नकाशा होता. इंग्लंड आणि वेल्स मिळून काउंट्या 52 आणि पत्तेही 52. हा योग इतका सोयीचा होता की 1676 मध्ये लंडनच्या रॉबर्ट मॉर्डेन या नकाशे विकणाऱ्याने तीच कल्पना पुन्हा उचलली, आणि विल्यम रेडमेन यानेही त्याच वर्षी तसाच कॅट काढला. त्याच्या बऱ्याच आधी, 1644 मध्ये, फ्रान्समध्ये कार्डिनल माझारँने बालराजा चौदाव्या लुईच्या शिक्षणासाठी पत्त्यांचे चार खेळ करवून घेतले होते. त्यांतला एक भूगोलाचा. मजकूर देमारे द सँ-सॉर्लँ यांचा, चित्रे स्तेफानो देल्ला बेल्ला यांची. लुई तेव्हा जेमतेम सहा वर्षांचा होता.

एकोणिसाव्या शतकात हा प्रकार राजवाड्यातून मध्यमवर्गाच्या दिवाणखान्यात आला. आज लिलावात, जुन्या बाजारात किंवा घरच्या ट्रंकेत जे सापडते ते बहुतेक या शतकातले किंवा त्यानंतरचे असते. असा खोका हाती आला की प्रश्न ठरलेले असतात : हा किती जुना? पाने पुरी आहेत का? सांगितलेली किंमत रास्त आहे का? परदेशातल्या मुलाकडे पाठवता येईल का? मुलांना खेळायला द्यावा का? या प्रश्नांची उत्तरे याच क्रमाने शोधावीत. आधी किंमत विचारून मग वय शोधणारा ग्राहक फसण्याची शक्यता जास्त.

आधी प्रकार ठरवा

पाने टेबलावर पसरा आणि कोपऱ्यांकडे पाहा. भूगोलाचे पत्ते मोटामोटी तीन प्रकारांत बसतात.

- रंगांचे पत्ते. इस्पिक, बदाम, चौकट, किलवर ही चिन्हे आहेत, एक्क्यापासून राजापर्यंत क्रम आहे आणि उरलेल्या जागेत नकाशा किंवा माहिती आहे. मॉर्डेनचा कॅट असाच आहे. पानाच्या वर चिन्ह, मध्ये काउंटीचा नकाशा, खाली लांबी, रुंदी, परीघ आणि मुख्य गावाचे लंडनपासूनचे अंतर. फ्रान्सच्या भूगोलाच्या खेळात चार रंग म्हणजे चार खंड. ऑस्ट्रेलिया तेव्हा युरोपीयांच्या गणतीतच नव्हता.
- प्रश्नोत्तरांचे पत्ते. रंग नाहीत. एका पानावर प्रश्न, उत्तर दुसऱ्या पानावर किंवा सोबतच्या पुस्तिकेत. हे पत्ते कमी, तिकिटे जास्त वाटतात.
- संच जमवण्याचे पत्ते. एका देशाची किंवा काउंटीची चार-पाच पाने, दर पानावर वेगळे शहर. ‘तुमच्याकडे अमुक शहर आहे का?’ असे विचारत संच पुरा करायचा. लंडनच्या जॅक्स कंपनीचा ‘काउंटीज ऑफ इंग्लंड’ हा खेळ या जातीचा. जर्मनीत याच पद्धतीला ‘क्वार्टेट’ म्हणतात आणि ती तिथे आजही जिवंत आहे.

प्रकार ठरवण्याचा व्यावहारिक उपयोग असा की पुढच्या तपासणीत काय शोधायचे ते त्यावरून कळते. इंग्लंडमध्ये खेळायच्या पत्त्यांवर 1711 पासून 1960 पर्यंत सरकारी कर होता आणि तो भरल्याची खूण बराच काळ इस्पिकच्या एक्क्यावर असे. त्यामुळे रंगांच्या इंग्रजी कॅटमध्ये इस्पिकचा एक्का सगळ्यात आधी पाहावा. प्रश्नोत्तरांच्या किंवा संचाच्या पत्त्यांत असा एक्का नसतोच; तो नाही म्हणून कॅट अपुरा ठरत नाही.

वय : नकाशाच साक्ष देतो

इतर जुन्या खेळांपेक्षा भूगोलाच्या पत्त्यांचा एक मोठा फायदा आहे. त्यांचे वय त्यांच्याच मजकुरात लिहिलेले असते. देश फुटतात, जुळतात, राजधान्या हलतात, शहरांची नावे बदलतात. पुढील खुणा बहुतेक कॅटना पुरतात.

- ‘व्हॅन डिमेन्स लँड’ असेल तर मजकूर 1856 च्या आधीचा. त्या वर्षी त्याचे नाव टास्मानिया झाले.
- ‘रशियन अमेरिका’ असेल तर 1867 च्या आधीचा. मग अलास्का अमेरिकेने विकत घेतला.
- प्रशिया, बव्हेरिया, सॅक्सनी हे वेगवेगळे देश म्हणून असतील तर 1871 च्या आधीचा.
- अमेरिकेची राज्ये मोजा. 45 असतील तर 1896 ते 1907, 46 असतील तर 1907 ते 1912, आणि 48 असतील तर 1912 ते 1959.
- स्वीडन आणि नॉर्वे एका मुकुटाखाली असतील तर 1905 च्या आधीचा. नॉर्वेची राजधानी ‘ख्रिस्तियानिया’ असेल तर 1925 च्या आधीचा, नंतर ऑस्लो.
- भारताची राजधानी कलकत्ता असेल तर मजकूर 1911 च्या डिसेंबरपूर्वीचा. दिल्लीची घोषणा त्या महिन्यात झाली.
- सेंट पीटर्सबर्ग 1914 पर्यंत, पेट्रोग्राड 1924 पर्यंत, त्यानंतर लेनिनग्राड.
- कॉन्स्टँटिनोपल असेल तर बहुधा 1930 च्या आधीचा, पर्शिया असेल तर 1935 च्या, सयाम असेल तर 1939 च्या. ‘बहुधा’ म्हणायचे कारण, युरोपातले प्रकाशक जुनी नावे सोडायला नाखूश असत.

यात एक नियम विसरू नका. कॅटमधली सर्वांत नवी गोष्टच निर्णायक असते. एखाद्या पानावर पेट्रोग्राड असेल तर तो कॅट 1914 पूर्वीचा असूच शकत नाही, मग बाकीच्या पानांवर कितीही जुनी नावे असोत. उलट बाजूने मात्र एवढी खात्री देता येत नाही. जुना मजकूर पुढे वर्षानुवर्षे तसाच छापला जाई. मॉर्डेनच्या पत्त्यांसाठी खोदलेले ताम्रपट त्याच्यानंतर इतरांच्या हाती गेले आणि अठराव्या शतकात त्यांचे छोटे पुस्तक निघाले. म्हणजे 1676 चा नकाशा पाहून कागदही 1676 चाच, असे मानता येत नाही.

लोकसंख्येचे आकडे आणखी नेमके असतात, पण त्यांत खाचाखोचाही आहेत. मुंबईचेच उदाहरण घ्या; अनेक इंग्रजी आणि अमेरिकी कॅटमध्ये ‘बॉम्बे’चे पान असते. 1872 च्या गणतीत मुंबई 6,44,405, 1881 मध्ये 7,73,196, 1891 मध्ये 8,21,764 आणि 1901 मध्ये 7,76,006. प्लेगच्या साथीने शहर ओस पडल्यामुळे 1901 चा आकडा खाली आला आणि वीस वर्षांपूर्वीच्या आकड्याजवळ जाऊन बसला. पानावर ‘सुमारे पावणेआठ लाख’ एवढेच असेल तर त्यावरून काहीच ठरत नाही. त्याच कॅटमधले न्यूयॉर्क किंवा लंडनचे पान पाहावे लागते. आठ लाखांच्या पुढचा आकडा मात्र 1881 ची गणती बाद करतो.

खोक्यावर छापलेल्या सालावर फार विसंबू नये. अमेरिकी खोक्यांवर असते ते स्वामित्वहक्काच्या नोंदणीचे साल. छपाई त्यानंतर दहा-पंधरा वर्षांनीही झालेली असू शकते. प्रकाशकाच्या नावाचा उपयोग जास्त. पार्कर ब्रदर्सचे नाव 1883 च्या आधी असणे शक्य नाही, कारण व्यवसायच तेव्हा सुरू झाला. न्यूयॉर्कच्या मॅक्लॉगलिन ब्रदर्सचा खेळ-व्यवसाय 1920 मध्ये मिल्टन ब्रॅडलीकडे गेला.

कागद आणि छपाई

यासाठी दहापट मोठे दाखवणारे भिंग आणि अतिनील किरणांची छोटी टॉर्च एवढे पुरते. दोन्ही वस्तू नोटा तपासण्याची साधने विकणाऱ्या दुकानात मिळतात.

भिंगातून रंगीत भाग पाहा. निळे, तांबडे, पिवळे, काळे बारीक ठिपके रांगेने मांडलेले दिसले तर ती विसाव्या शतकातली छपाई आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातल्या दगडी छपाईतही ठिपके असतात, पण ते हाताने दिल्यासारखे, वेडेवाकडे आणि अनेक छटांचे. त्याहून जुन्या ताम्रपटाच्या छपाईत रेषा सलग असते, शाई कागदावर किंचित उठून आलेली बोटाला जाणवते आणि रंग असलाच तर ब्रशने भरलेला, रेषेबाहेर ओघळलेला.

मग खोली अंधारी करून अतिनील प्रकाश टाका. कागद निळसर पांढरा चमकला तर त्यात 1950 च्या सुमारास प्रचारात आलेली उजळवणारी रसायने आहेत. मग विक्रेत्याने कितीही शपथा घेतल्या तरी तो कागद व्हिक्टोरिया राणीच्या काळातला नाही. जुन्या नकाशा-पत्त्यांची हुबेहूब पुनर्मुद्रणे विसाव्या शतकात निघाली आहेत. ती प्रामाणिकपणे पुनर्मुद्रण म्हणून विकली गेली, पण दोन-तीन हात फिरल्यावर सोबतची चिठ्ठी हरवते आणि ‘अस्सल’ ही पदवी लागते.

पानांची पाठ आणि कोपरे हीही साधी खूण. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत इंग्रजी पत्त्यांची पाठ सहसा कोरी असे आणि कोपरे काटकोनी. गोल कोपरे रूढ झाले ते त्या शतकाच्या शेवटच्या तीसेक वर्षांत. मात्र कोपरे नंतर कात्रीनेही गोल करता येतात, हे लक्षात ठेवा. सगळी पाने एकावर एक ठेवून कडा जुळतात का ते पाहावे.

पुरा कॅट म्हणजे किती पाने?

इथे सर्वांत जास्त चुका होतात. 52 मोजून समाधान मानू नका. 1590 च्या कॅटमध्ये काउंट्यांच्या 52 पानांखेरीज जादा पाने होती, फ्रान्सच्या खेळात नावाचे वेगळे पान होते. प्रश्नोत्तरांच्या पत्त्यांना तर ठरलेली संख्याच नाही. ती नियमांच्या कागदावर, खोक्याच्या झाकणावर किंवा संग्रहालयाच्या सूचीत शोधावी लागते.

ताडून पाहण्याचा चांगला मार्ग म्हणजे घरबसल्या संग्रह पाहणे. लेडी शार्लट श्रायबर यांचा पत्त्यांचा मोठा संग्रह ब्रिटिश म्युझियममध्ये आहे आणि त्याची सूची व अनेक चित्रे संकेतस्थळावर विनामूल्य पाहता येतात. अमेरिकेत येल विद्यापीठाच्या बायनेकी ग्रंथालयात कॅरी संग्रह आहे, तर रॉचेस्टरचे स्ट्राँग संग्रहालय अमेरिकी घरगुती खेळांसाठी उपयोगी. पॅरिसजवळ इसी-ले-मुलिनो आणि जर्मनीत लाइनफेल्डन-एश्टरडिंगन इथे पत्त्यांचे मोठे संग्रह आहेत.

मोजताना आणखी या गोष्टी पाहा :

- एकच पान दोनदा तर नाही ना? दोन अपुऱ्या कॅटमधून एक ‘पुरा’ करण्याची युक्ती जुनी आहे. कागदाचा पिवळेपणा आणि पाठीची छटा सर्व पानांवर सारखी हवी.
- नियमांचा कागद आणि उत्तरांची पुस्तिका आहे का? प्रश्नोत्तरांच्या कॅटमध्ये पुस्तिका नसेल तर अर्धा खेळ नाही असे समजा.
- खोका मूळचा आहे का? झाकणावरचे चित्र बऱ्याचदा पानांपेक्षा देखणे असते आणि किमतीतला मोठा वाटा त्याचाच असतो.

अपुरा कॅट घ्यावा का? सतराव्या शतकातला असेल तर एकटे पानही घेण्यासारखे असते. तो छोटा नकाशाच असतो आणि नकाशांचे संग्राहक ती सुटी पानेच विकत घेतात. 1880 नंतरचा छापील संच अपुरा असेल तर घेऊ नये. तसे संच हजारोंनी छापले गेले, थोडे थांबले तर पुरा मिळतो.

विकत घेताना तुमचे हक्क

पैसे देण्यापूर्वी विक्रेत्याकडून या गोष्टी लेखी घ्या : पानांची संख्या, गहाळ पाने, छपाईचा अंदाजे काळ, मूळ की पुनर्मुद्रण, आणि परत घेण्याची अट. ‘अँटिक स्टाइल’ आणि ‘अँटिक’ यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. पहिल्या शब्दाने विक्रेता काहीच कबूल करत नाही. सर्व पानांची, पुढून आणि पाठीमागून, छायाचित्रे मागा. ‘पाहून घ्या, परत नाही’ म्हणणाऱ्या परदेशी लिलावात पहिलाच कॅट घेऊ नये.

भारतातल्या विक्रेत्याकडून घेतल्यास ग्राहक संरक्षण कायदा, 2019 लागू होतो. ऑनलाइन विक्रीत वर्णनाशी न जुळणारी वस्तू परत घ्यायला विक्रेता नकार देऊ शकत नाही, असे 2020 च्या ई-कॉमर्स नियमांत आहे. तक्रार तुम्ही राहता त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडे करता येते. मुदत दोन वर्षांची. त्याआधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 या क्रमांकावर बोलून पाहा, बरीच प्रकरणे तिथेच मिटतात. हे संरक्षण व्यापाऱ्याविरुद्ध आहे. एखाद्या कुटुंबाने घर आवरताना विकलेल्या खोक्याला ते सहसा लागू पडत नाही. परदेशातल्या विक्रेत्याविरुद्ध भारतात दाद मागणे कागदावर सोपे, प्रत्यक्षात कठीण. तिथे भरवसा ठेवावा तो पैसे परत देण्याची सोय असलेल्या देयक-व्यवस्थेवर. परदेशातून मागवताना सीमाशुल्क आणि टपाल हिशेबात धरा आणि पावतीवर वस्तूचे वय नमूद करून घ्या. शंभर वर्षांहून जुन्या वस्तूंचे सीमाशुल्कातले वर्गीकरण वेगळे आहे.

भारताबाहेर पाठवायचे असेल तर

परदेशी स्थायिक झालेल्या मुलांना आजोबांचा खोका पाठवणारे इथे अडकतात. पुरावस्तू आणि कलानिधी कायदा, 1972 नुसार शंभर वर्षांहून जुनी पुरावस्तू खासगी व्यक्तीला भारताबाहेर नेता येत नाही. कायद्यातली व्याख्या रुंद आहे आणि वस्तू परदेशात तयार झाली होती एवढ्याने ती आपोआप सुटत नाही. कॅट शंभर वर्षांच्या आतला असेल तर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून ‘ही पुरावस्तू नाही’ असा दाखला घ्यावा. विमानतळावर वाद घालण्यापेक्षा ते सोपे. वर दिलेल्या खुणांवरून काढलेले वय अर्जासोबत जोडल्यास काम हलके होते.

जपणूक

कोकण आणि मुंबईच्या पावसाळ्यात जुना पुठ्ठा पाणी ओढतो, पाने वाकतात, बुरशी धरते आणि खळीच्या वासाने कसर येते. उपाय साधे आहेत. खोका बाहेरच्या भिंतीला लागून असलेल्या कपाटात ठेवू नका. पाने आम्लविरहित कागदात गुंडाळा किंवा पॉलिएस्टरच्या पाकिटात ठेवा. मऊ, वास मारणाऱ्या पीव्हीसीच्या पाकिटात नको. सोबत सिलिका जेलच्या पुड्या, आणि त्या दर महिन्याला बदला. बुरशी दिसलीच तर पान कोरड्या, सावलीच्या जागी सुकू द्या आणि मऊ ब्रशने घराबाहेर झटका.

काही गोष्टी मात्र अजिबात करू नका. रबरबँड लावू नका. वर्षभरात तो वितळून कागदाला चिकटतो. फाटलेल्या पानाला सेलोटेप नको. लॅमिनेशन तर मुळीच नको, ते पुन्हा निघत नाही. तपकिरी डाग खोडरबराने किंवा ओल्या फडक्याने घालवायचा प्रयत्न अनेकांनी केला आहे आणि डागाबरोबर छपाईही घालवली आहे. डाग असलेला अस्सल पत्ता धुतलेल्या पत्त्यापेक्षा जास्त किमतीचा असतो.

खेळायचे असेल तर

मूळ पाने पिसून वाटू नका. शंभर वर्षांहून जुन्या बहुतेक पत्त्यांवरचा स्वामित्वहक्क संपलेला असतो. भारतात तो साधारणपणे लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षे चालतो. तेव्हा पाने स्कॅन करून जाड कागदावर छापून घ्या. संग्रहालयाच्या संकेतस्थळावरून चित्रे घेत असाल तर तिथल्या वापराच्या अटी वाचा.

तिन्ही प्रकारांत मुलांना सर्वांत जास्त शिकवतो तो संच जमवण्याचा खेळ. प्रश्नोत्तरांच्या पत्त्यांत ज्याला येते तोच जिंकतो आणि ज्याला येत नाही त्याचा दुसऱ्या डावात रस जातो. संच जमवताना मात्र विचारण्यासाठीच शहराचे नाव आणि ते कुठल्या प्रदेशातले हे लक्षात ठेवावे लागते, इतरांनी काय विचारले तेही. चार खेळाडू, प्रत्येकाला सारखी पाने. ज्याची पाळी त्याने कोणालाही एक ठरावीक पान मागायचे, पण त्या संचातले निदान एक पान स्वतःच्या हातात असले पाहिजे. मिळाले तर पुन्हा मागायचे, नाही तर पाळी समोरच्याची. संच पुरा झाला की खाली उतरवायचा.

मजकूर मात्र आधी वाचून घ्या. एकोणिसाव्या शतकातल्या कॅटमध्ये आफ्रिका, आशिया आणि अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांची चित्रे व वर्णने अनेकदा अपमानकारक असतात, आणि वसाहती म्हणजे मालमत्ता असा सूर तर बहुतेक ठिकाणी. आठ-नऊ वर्षांच्या मुलांसाठी अशी पाने वगळा. मोठ्या मुलांना ती दाखवता येतील, पण पान कोणी आणि कधी छापले हे सांगूनच. जुने आकडे आणि सीमा खोडून नवे लिहू नका. त्याऐवजी आजचा नकाशा शेजारी मांडा आणि काय बदलले ते मुलांनाच शोधायला सांगा.

महाराष्ट्रातले जिल्हे घेऊन असा संच घरी करायचा असेल तर दर जिल्ह्याची चार पाने पुरतात : मुख्यालय, नदी, किल्ला किंवा तीर्थ, आणि पीक. सध्याचे 36 जिल्हे घेतले तर पाने 144 होतात आणि डाव संपत नाही. एका वेळी एकच महसुली विभाग घ्या.